‘राजपुत्र’ हे बिरूद गेलं, रांगेतला आठवा क्रमांक मात्र राहिला: इंग्लंडची गादी चालते तरी कशी?

३० ऑक्टोबर २०२५ रोजी बकिंगहॅम राजवाड्याने जाहीर केलं की राजे तिसरे चार्ल्स आपल्या धाकट्या भावाची सगळी बिरुदं काढून घेत आहेत. लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या जेफ्री एप्स्टीनशी असलेल्या संबंधांवरून अँड्र्यू यांच्यावर कित्येक वर्षं टीका होत होती. आपल्यावरचे आरोप ते नाकारत आले आहेत. त्या दिवसापासून ‘राजपुत्र’ ही उपाधी गेली, विंडसरमधलं भाडेपट्ट्याचं घर सोडायला सांगितलं गेलं आणि ते नुसते अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर झाले.

पण गादीच्या वारसांच्या यादीत ते त्या दिवशी आठवे होते आणि दुसऱ्या दिवशीही आठवेच होते. ज्याला राजपुत्र म्हणवून घ्यायची परवानगी नाही, तो राजा होण्याच्या रांगेत कसा, असा प्रश्न अनेकांना पडला. हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर हजारेक वर्षांच्या भांडणांतून तयार झालेलं आहे.

थोडक्यात सांगायचं तर बिरूद ही राजाची देणगी असते, राजा ती परत घेऊ शकतो. रांगेतली जागा राजाने दिलेली नसते, ती संसदेच्या कायद्याने मिळते. दारावरची पाटी उतरवली म्हणून सातबाऱ्यावरचं नाव पुसलं जात नाही, तसंच हे आहे.

रांग लागते कशी

नियम ऐकायला सोपा आहे. राजाच्या मुलांना वयाच्या क्रमाने उभं करायचं. थोरल्याच्या लगेच मागे त्याची मुलं आणि नातवंडं. थोरल्याचं सगळं घर मोजून झालं की मगच दुसऱ्या अपत्याची पाळी. म्हणून चार्ल्स यांच्यानंतर विल्यम, मग विल्यम यांची तीन मुलं जॉर्ज, शार्लट आणि लुई. त्यांच्यानंतर धाकटे हॅरी आणि हॅरी यांची दोन मुलं. चार्ल्स यांचं घर इथे संपतं आणि मग भावाकडे, म्हणजे अँड्र्यू यांच्याकडे रांग वळते.

यातून एक गोष्ट आपोआप घडते. हॅरी १९८४ साली जन्मले तेव्हा ते तिसरे होते, आज पाचवे आहेत. त्यांची जागा कुणी हिरावून घेतली नाही. थोरल्या भावाच्या घरी पाळणा हलला की धाकटा मागे सरकतो. अँड्र्यू यांचंही तेच झालं. १९६० मध्ये जन्मले तेव्हा ते चक्क दुसरे होते. थोरली बहीण ॲन तेव्हा नऊ वर्षांची होती, पण नवा भाऊ येताच ती त्याच्या मागे गेली, कारण तेव्हा मुलाला बहिणीच्या आधी मोजत. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

वारसाचे दोन प्रकार लक्षात ठेवले की बातम्या समजायला सोपं जातं. ज्याच्या पुढे कुणाचा जन्म होऊच शकत नाही तो पक्का वारस, जसे आज विल्यम. ज्याच्या पुढे अजून कुणी जन्माला येऊ शकतं तो तूर्तास वारस. दुसऱ्या एलिझाबेथ राणी होण्याआधी तूर्तास वारसच होत्या, कारण त्यांच्या वडिलांना मुलगा झाला असता तर गादी त्याला मिळाली असती.

आधी अशी रांगच नव्हती

थोरल्याला गादी हा नियम इंग्लंडमध्ये अनादि काळापासून आहे असं वाटतं. तसं नाही. ५ जानेवारी १०६६ रोजी एडवर्ड द कन्फेसर निपुत्रिक वारले. दुसऱ्याच दिवशी सरदारांनी हॅरल्ड गॉडविन्सनला राजा केलं. तो एडवर्डच्या रक्ताचा नव्हता, फक्त एडवर्डच्या राणीचा भाऊ होता. पण हाताशी फौज होती आणि सरदारांचा पाठिंबा होता. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत तो मारला गेला आणि नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मुकुट घालून बसला.

या विजेत्या विल्यमने १०८७ मध्ये मरताना काय केलं पाहा. थोरल्या रॉबर्टला वडिलोपार्जित नॉर्मंडी दिली आणि जिंकलेलं इंग्लंड त्याच्या पाठच्या विल्यम रूफसला. धाकट्या हेन्रीच्या वाट्याला रोख रक्कम आली. २ ऑगस्ट ११०० रोजी रूफस शिकारीत बाण लागून मेला. हेन्री त्याच शिकारीत होता. तो थेट विंचेस्टरला गेला, खजिना ताब्यात घेतला आणि ५ ऑगस्टला राज्याभिषेक उरकून मोकळा झाला. थोरला रॉबर्ट तेव्हा धर्मयुद्धावरून परतीच्या वाटेवर होता. खजिन्यापर्यंत आधी कोण पोहोचतो, यावर तेव्हा राजा ठरे.

याच हेन्रीवर पुढे दैव उलटलं. २५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री ‘व्हाइट शिप’ नावाचं जहाज नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडालं आणि त्यात त्याचा एकुलता एक औरस मुलगा गेला. उरली मुलगी मटिल्डा. हेन्रीने सरदारांना तिच्या नावाने शपथा घ्यायला लावल्या. ११३५ मध्ये हेन्री मेला आणि शपथ घेणाऱ्यांपैकीच एक, त्याचा भाचा स्टीफन, समुद्र ओलांडून आला आणि राजा झाला. त्यानंतरची जवळजवळ एकोणीस वर्षं यादवीत गेली. मिटलं ते तडजोडीने: स्टीफनने मरेपर्यंत राज्य करावं, नंतर गादी मटिल्डाच्या मुलाकडे जावी. तोच दुसरा हेन्री, ११५४ साली राजा झालेला. मटिल्डाला स्वतःला राज्याभिषेक कधीच मिळाला नाही. माझ्या मते तिची हार हा या साऱ्या इतिहासातला फार महत्त्वाचा धडा आहे. राजाची शेवटची इच्छा, शपथा, रक्ताचं नातं, सगळं तिच्या बाजूने होतं. तरीही ते पुरलं नाही, कारण ते लागू करायला राजापेक्षा मोठा असा कोणताच कायदा नव्हता.

मुलीच्या बाजूने हक्क पुढे जातो का?

पुढच्या तीनशे वर्षांत थोरल्याची प्रथा रुळत गेली, पण हा प्रश्न सुटला नाही. पंधराव्या शतकातली गुलाबांची युद्धं, म्हणजे लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांमधला संघर्ष, बऱ्याच अंशी यावरूनच पेटला. तिसऱ्या एडवर्डचे मुलगे पुष्कळ. लँकेस्टर घराणं त्याच्या धाकट्या मुलाचं, पण पुरुषांच्या सलग साखळीतून आलेलं. यॉर्क घराणं म्हणे, आमचा दावा त्या मुलाच्या थोरल्या भावाकडून येतो, फक्त मध्ये दोन ठिकाणी मुली आहेत. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. निवाडा करायला कुणी नव्हतं, म्हणून तलवारीने केला. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या रणात जिंकलेल्या सातव्या हेन्रीचा रक्ताचा हक्क तर दोघांपेक्षा कच्चा होता. त्याने यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न करून दोन घरं एक केली.

आठव्या हेन्रीने दार उघडलं

आठवा हेन्री म्हटलं की सहा बायका आठवतात. त्या लग्नांमागचं एक मोठं कारण मुलगा नसणं हेच होतं. पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे आहेत ते त्याने संसदेकडून करवून घेतलेले वारसाचे कायदे. एका कायद्याने थोरली मुलगी मेरी बाद झाली, दुसऱ्याने एलिझाबेथही बाद झाली, आणि तिसऱ्याने दोघी पुन्हा रांगेत आल्या: आधी मुलगा एडवर्ड, मग मेरी, मग एलिझाबेथ. गंमतीचा भाग नव्हे, पण लक्षात घेण्यासारखा: मुलींना औरस ठरवलं नाही, नुसतं रांगेत घातलं. म्हणजे रक्ताने जे मिळत नाही ते कायद्याने देता येतं, हे हेन्रीने स्वतःच सिद्ध करून दाखवलं.

त्याची परीक्षा १५५३ मध्ये झाली. सहावा एडवर्ड पंधरा वर्षांचा होता आणि मरणाच्या दारात होता. तो प्रॉटेस्टंट आणि बहीण मेरी कॅथलिक, म्हणून तिला डावलून त्याने आपल्या हाताने कागद लिहिला आणि आतेबहिणीची मुलगी जेन ग्रे हिला वारस केलं. जेन १० जुलैला राणी म्हणून घोषित झाली आणि १९ जुलैला पायउतार झाली. लोक मेरीच्या मागे उभे राहिले. राजाच्या कागदापेक्षा संसदेचा कायदा जड ठरला. जेनचं वय सतराच्या आसपास होतं. पुढच्या वर्षी तिचा शिरच्छेद झाला. ही गादी तिने मागितलीही नव्हती.

मुंबई आंदण मिळालेलं लग्न आणि १७०१ चा कायदा

आजची रांग ज्या कायद्यावर उभी आहे त्याचा धागा मुंबईपाशी येतो. १६६१ च्या करारानुसार पोर्तुगालच्या राजकन्येचं, ब्रागांझाच्या कॅथरीनचं, दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. एवढं आपल्याकडे शाळेत शिकवतात. त्या लग्नाचा दुसरा परिणाम आपल्याला कुणी सांगत नाही. कॅथरीनचं एकही मूल जगलं नाही.

चार्ल्सला इतर स्त्रियांपासून मुलं पुष्कळ झाली, पण ती अनौरस, रांगेबाहेरची. त्यामुळे वारस ठरला धाकटा भाऊ जेम्स, आणि जेम्स कॅथलिक झालेला. इंग्लंड तोवर प्रॉटेस्टंट होऊन सव्वाशे वर्षं होत आली होती. कॅथलिक राजा म्हणजे पोपचा आणि फ्रान्सचा शिरकाव, अशी धास्ती घरोघरी होती. जेम्सला रांगेतून काढण्यासाठी संसदेत एकामागून एक विधेयकं आली. बायकोला सोडा, दुसरं लग्न करा, असाही दबाव चार्ल्सवर आला. त्याने कॅथरीनला सोडलं नाही आणि भावालाही सोडलं नाही.

१६८५ मध्ये जेम्स राजा झाला. त्याच्या दोन मुली मेरी आणि ॲन प्रॉटेस्टंट होत्या, म्हणून लोकांनी कळ काढली: हा म्हातारा होईल, मग मेरी येईल. पण १० जून १६८८ ला दुसऱ्या बायकोपासून मुलगा झाला आणि आशा संपली. बिछाना उबवायच्या भांड्यातून परकं मूल आत नेलं, अशी अफवा पसरली आणि लोकांनी ती खरी मानली. काही पुढाऱ्यांनी मेरीचा नवरा, हॉलंडचा विल्यम, याला बोलावणं धाडलं. तो ५ नोव्हेंबरला फौजेसह टॉरबेला उतरला, जेम्स फ्रान्सला पळाला. संसदेने ठरवलं की राजा पळाला म्हणजे त्याने गादी सोडली. १६८९ मध्ये मेरी आणि विल्यम दोघं मिळून गादीवर बसले, आणि कॅथलिक व्यक्तीला किंवा कॅथलिक जोडीदार असलेल्याला गादी नाही, असा कायदा झाला.

मेरीला मूल नव्हतं. ॲनला तब्बल सतरा वेळा दिवस गेले. बरीच बाळं पोटातच गेली किंवा मृत जन्मली, काही लहानपणीच गेली. एकच मुलगा अकरा वर्षांपर्यंत पोहोचला आणि जुलै १७०० मध्ये तोही गेला. राजघराण्याच्या वंशावळीत ही एक ओळ असते, पण त्या बाईने काय सोसलं असेल याची कल्पना करवत नाही.

त्या मुलाच्या मृत्यूमुळे १७०१ चा वारसा कायदा झाला. संसदेने वंशवृक्ष उलगडला, कॅथलिक फांद्या छाटत गेली, आणि रक्ताने जवळच्या पन्नासहून अधिक माणसांना ओलांडून जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सोफियापाशी थांबली. ती पहिल्या जेम्सची नात. यापुढे गादी सोफियाच्या प्रॉटेस्टंट वंशजांनाच, असं ठरलं. सोफिया जून १७१४ मध्ये वारली, तोवर राणी झालेली ॲन त्याच वर्षी १ ऑगस्टला. दोन महिन्यांच्या फरकाने सोफियाचं राणीपद हुकलं आणि तिचा मुलगा पहिला जॉर्ज झाला. आज रांगेत असलेला प्रत्येक माणूस सोफियाचा वंशज आहे.

गादी जन्माने मिळते हे खरं, पण कुणाचा जन्म मोजायचा हे संसद ठरवते. अँड्र्यू यांच्या आठव्या क्रमांकाला हात लावणं राजाच्या अधिकारात का नव्हतं, ते इथे कळतं.

मग राजाला नको असेल तर?

२०२२ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ गेल्या तेव्हा चार्ल्सना वगळून थेट विल्यमना राजा का करत नाहीत, असं पुष्कळांनी विचारलं. राणीच्या मनात असतं तरी तिला ते करता आलं नसतं. आणि चार्ल्सच्या मनात असतं, तरी नुसतं ‘मला नको’ म्हणून भागलं नसतं. आठव्या एडवर्डचं उदाहरण आहे. घटस्फोट घेतलेल्या वॉलिस सिम्प्सनशी लग्न करायचं म्हणून १० डिसेंबर १९३६ ला त्याने सही केली, पण गादी सुटली ती दुसऱ्या दिवशी संसदेने कायदा केला तेव्हा. त्यातच लिहिलं गेलं की त्याला पुढे मुलं झाली तर त्यांनाही हक्क नाही.

तेव्हा आणखी एक अडचण उघड झाली. हाच माणूस कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांचाही राजा होता आणि १९३१ पासून ते देश कायद्याने बरोबरीचे झाले होते. त्यांची संमती लागली. आयर्लंडने आपला कायदा १२ डिसेंबरला केला. म्हणजे एक दिवसभर लंडनमध्ये सहावा जॉर्ज राजा होता आणि आयर्लंडच्या कायद्यापुरता मात्र अजून आठवा एडवर्ड. आजही रांगेत बदल करायचा तर ब्रिटन धरून पंधरा देशांची सहमती घ्यावी लागते. आठव्या क्रमांकाच्या माणसासाठी एवढा खटाटोप करावा का, यावर ब्रिटनमध्ये दोन्ही बाजूंनी बोललं जातं. मला विचाराल तर तत्त्व म्हणून तो करावा. गादीपर्यंत तो माणूस पोहोचण्याची शक्यता नगण्य असली तरी यादीतलं नाव हा देशाने दिलेला मान असतो.

दत्तक का चालत नाही?

मराठी वाचकाला हा प्रश्न हमखास पडतो, आणि पडायलाच हवा. या रांगेत फक्त विवाहातून जन्मलेलं, रक्ताचं मूल मोजतात. दत्तक मूल कितीही लाडकं असलं तरी बाहेर. इंग्लंडच्या कायद्यात दत्तकाला १९२६ पर्यंत स्थानच नव्हतं, आणि नंतर ते मिळालं तरी गादीच्या बाबतीत नाही. आपल्याकडे मात्र दत्तक पुत्राला औरसाचे सगळे हक्क देणारी परंपरा जुनी आणि मान्य होती. १८४८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी घेतलेलं दत्तक कंपनी सरकारने नाकारलं आणि राज्य खालसा केलं. पुढे नागपूर आणि झाशीची पाळी आली. ज्या देशाने स्वतः पन्नास वारस ओलांडून कायद्याने हवा तो वारस आणला होता, त्याच्या माणसांनी इथे आमच्या कायद्याने ठरलेला वारस मानायला नकार दिला. हा अन्याय होता, आणि दोन्हीकडचे नियम शेजारी ठेवून पाहिले की तो जास्तच टोचतो.

राज्याभिषेक होईपर्यंत गादी रिकामी असते का?

नाही. पूर्वी असे. मुकुट डोक्यावर येईपर्यंत माणूस राजा नसे, म्हणूनच ११०० मध्ये रूफसच्या भावाला, हेन्रीला, तीन दिवसांत घाई करावी लागली. १२७२ मध्ये पहिला एडवर्ड धर्मयुद्धावर असताना बाप वारला. सरदारांनी त्याच्या गैरहजेरीतच त्याला राजा मानलं आणि राज्याभिषेक झाला १२७४ मध्ये. आता तर एका राजाच्या शेवटच्या श्वासाबरोबर दुसऱ्याची कारकीर्द सुरू होते. १९५२ मध्ये वडील गेले तेव्हा एलिझाबेथ केनियात होत्या. त्यांना बातमी कळण्याआधीच त्या राणी झालेल्या होत्या. चार्ल्स ८ सप्टेंबर २०२२ ला राजा झाले, मुकुट घातला ६ मे २०२३ ला. पाचवा आणि आठवा एडवर्ड यांचा तर राज्याभिषेक झालाच नाही, तरी ते राजांच्या यादीत आहेत. राजा लहान असेल तरी अडत नाही. सहावा हेन्री १४२२ मध्ये नऊ महिन्यांचा असताना राजा झाला. आज अठरा वर्षांखालचा राजा आला तर त्याच्या नावाने कारभार पाहायला कायद्याने पालक नेमला जातो.

शार्लटपासून काय बदललं

मुलगा आधी, मुलगी मागून, हा नियम एकविसाव्या शतकातही सुरुवातीला तसाच होता. तो बदलायचं राष्ट्रकुलातल्या संबंधित देशांनी ऑक्टोबर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे ठरवलं. ब्रिटनचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि सगळीकडची तयारी पूर्ण होऊन तो लागू झाला २६ मार्च २०१५ ला. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांसाठी मुलगा-मुलगी भेद संपला. कॅथलिक जोडीदारही आता चालतो, मात्र गादीवर बसणारी व्यक्ती कॅथलिक असून चालत नाही. पूर्वी दूरदूरच्या नातलगांनाही लग्नाला राजाची परवानगी लागे, आता फक्त पहिल्या सहा जणांना लागते.

२०१५ मध्ये शार्लट जन्मली, २०१८ मध्ये तिचा भाऊ लुई. तो तिच्या मागे उभा राहिला. तिची आजेआत्या ॲन मात्र आजही आपल्या दोन्ही धाकट्या भावांच्या आणि त्यांच्या मुलानातवंडांच्या मागे आहे, कारण नियम मागच्या तारखेपासून लागू केला नाही.

बदल गादीपुरताच झाला, हेही ध्यानात घ्यायला हवं. कॉर्नवॉलचा ड्यूक हे वारसाचं जुनं पद १३३७ च्या सनदेनुसार राजाच्या थोरल्या मुलालाच मिळतं. उद्या जॉर्ज राजा असताना त्याचं पहिलं अपत्य मुलगी असेल, तर तिच्या मागून कितीही भाऊ आले तरी पक्की वारस तीच राहील. कॉर्नवॉलचं पद मात्र त्या सनदेप्रमाणे तिच्याकडे येणार नाही. सरदारकीची बहुतेक घराणीही अजून मुलालाच वारस मानतात, आणि ते बदलायला पुन्हा संसदेतच जावं लागेल.